मकरूदवाल्याच्या बायकोचे मकरूद

कैरवानमध्ये मकरूद कुणाचे चांगले असं कुणालाही विचारा. तो आधी आपल्या मामाचं नाहीतर मेहुण्याचं दुकान सांगेल आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणेल, "पण खरं सांगू का? सी जिलानींचे." रव्याच्या पारीत खजूर भरायचा, वर लाकडी ठसा उमटवायचा, तिरके तुकडे कापून तांबूस तळायचे आणि गरम असतानाच मधात सोडायचे, एवढंच ते काम. पण या एवढ्याशा कामावरून आमच्या गावात माणसं एकमेकांचं तोंड बघायची बंद झालेली आहेत. सी जिलानी, म्हणजे आपले जिलानीराव, त्या कढईसमोर चाळीस वर्षं उभे राहिले. आणि त्यांची बायको मोंजिया हिनं लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत एकदाही मकरूद केला नाही.

करणार तरी कशाला? रोज सूर्य मावळायच्या सुमाराला नवरा घरी यायचा तो हातात तेलकट कागदाचा पुडा घेऊनच. मोंजियाचे हात गालिच्याचे. बारा वर्षांची असल्यापासून ती मागावर बसली, आणि आजही कुणाच्या घरी गेली तर सरबताच्या आधी गालिच्याचा कोपरा उलटा करून गाठी बघते. "ह्याला लोकर म्हणतात होय?" असं यजमानीणबाईंच्या तोंडावर म्हणते. बाई मनाची मोकळी, जिभेची त्याहून मोकळी. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. कुणाची सोयरीक गुपचूप ठरत असली की बायका म्हणायच्या, मोंजियाला कळू देऊ नका, नाहीतर नवऱ्यामुलाच्या आधी भाजीवाल्याला कळेल. अशा बाईनं तीन आठवडे एक गुपित सांभाळलं, त्याची ही गोष्ट.

हिवाळ्यात सी जिलानींना छातीत दुखायला लागलं. दुकान पुतण्याला, लमीनला, देऊन टाकावं लागलं. त्यांना तपासणारी डॉक्टरीणबाई त्यांच्याच दुकानातले मकरूद खाऊन लहानाची मोठी झालेली. रमजानच्या पंधरा दिवस आधी तिनं दोघांना समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "काका, तुमच्या मकरूदांवर मी वाढले, म्हणून जीव तोडून सांगते. तळलेलं बंद. मध बंद. रोजे धरायचे नाहीत, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. ईदच्या दोन दिवस आधी परत या. तोवर रक्तातली चरबी उतरली नाही आणि चालताना छाती अशीच भरून येत राहिली, तर छाती उघडावी लागेल."

छाती उघडावी लागेल हे शब्द ऐकले आणि मोंजियाला आपला दीर आठवला. जिलानींचा थोरला भाऊ तय्यब असाच ऑपरेशनसाठी सूस शहराला गेला होता. आपल्या पायांनी चालत, हसत, "परवा येतो" असं सांगून. त्याचं हृदय टेबलावरच थांबलं. घरी आला तो चादरीत. त्या दिवशी मोंजियानंच जावेला धरून ठेवलं होतं आणि तिचा तो थरथरता दंड मोंजियाच्या हाताला अजून आठवत होता. दवाखान्यातून दोघं परतली. मोंजिया गप्प आहे हे बघून शेजारणीनं, वसीलानं, दारातूनच ओळखलं की बातमी वाईट आहे.

मग सुरू झालं उकडलेल्या दुधीचं राज्य. सी जिलानी ताटाकडे असे बघायचे, जणू कुणी त्यांना समन्स धाडलंय. "चाळीस वर्षं गावाला खाऊ घातलं," ते म्हणायचे, "आणि मला काय, तर ही आजारी माणसाची भाजी!"

"आजारीच आहात तुम्ही," मोंजिया म्हणायची.

"मग बरा कधी होणार, हे खाऊन?"

त्याच दिवसांत त्यांची मुलगी अहलाम स्फॅक्सहून आली ती एक मोठं काळं खोकं घेऊन. एअर फ्रायर. तिकडे घरोघरी झालाय म्हणे. आत गरम वारा फिरतो आणि पदार्थ तेलावाचून खरपूस होतो. सी जिलानींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, आत डोकावले आणि म्हणाले, "हे केस वाळवायचं यंत्र आहे ना?"

"बाबा, यात तेलाशिवाय तळता येतं."

"तेलाशिवाय तळणं! उद्या पाण्याशिवाय पोहायला शिकवशील. घेऊन जा हे. या खोक्यातला मकरूद ज्या दिवशी मी खाईन ना, त्या दिवशी माझी मिशी उतरवा."

ती मिशी म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावाशेजारी तिचं चित्र आहे. अहलामनं खोकं उचललं, नेल्यासारखं केलं आणि जाता जाता मागच्या कोठीत लोकरीच्या पोत्यांमागे ठेवून गेली. आईच्या कानात म्हणाली, "असू दे. कधी लागलं तर."

ते लागलं रमजानच्या सहाव्या दिवशी. सी जिलानी संध्याकाळी बाहेरून आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मटकन बसले. श्वास लागलेला, कपाळावर घाम, आणि मिशीत मध. मोंजियानं आधी त्यांना पाणी दिलं, गोळी दिली, श्वास जागेवर येईपर्यंत पाठीवरून हात फिरवला. मग चप्पल घालून थेट लमीनचं दुकान गाठलं.

"लमीन, लाज वाटते का तुला? काकाला मारतोस?"

लमीन बिचारा कढईतून झारा बाहेर काढायचाच विसरला. "काकी, मी नाही देत हो! ते येतात आणि स्वतः उचलतात. ज्यांच्या कढईवर मी उभा आहे त्यांचा हात कसा धरू मी? तुम्हीच सांगा."

मोंजिया आल्या पावली फिरली. घरी परतताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा माणूस मकरूद सोडायचा नाही. मरेल, पण सोडायचा नाही. तेव्हा मकरूदाचंच काहीतरी करायला हवं. तिनं डॉक्टरीणबाईला फोन लावला. तळलेला नसेल आणि पाक फक्त वरून फिरवलेला असेल तर दिवसाला दोन छोटे चालतील, असं उत्तर मिळालं. नवऱ्याला मात्र तिनं अर्धंच सांगितलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुकानचे बंद. घरी मी चांगल्या तेलात तळले तर दोन चालतील."

"तू तळणार?" सी जिलानींनी मान वर केली.

"मी तळणार."

"मकरूद?"

"नाही, गालिचा! मकरूदच."

त्यांनी तिच्या हातांकडे एकदा पाहिलं. मिशीवरून हात फिरवत बसले.

आता पंचाईत बघा. ज्या माणसाच्या हाताला गाव मान देतं तो घरात बसलेला, आणि त्यालाच विचारायची सोय नाही. बरं, रोजा असल्यामुळे दिवसा चव घेता येत नाही, फार तर जिभेच्या टोकावर ठेवून थुंकायचं. सी जिलानी दुपारच्या नमाजेनंतर मशिदीच्या सावलीत मित्रांबरोबर बसायला जात, तेवढा वेळ मोंजियाचा. ते गेले की ती कोठीत शिरायची आणि पोत्यांमागे खोकं चालू व्हायचं. आणि ते घरी यायच्या आधी ती एक युक्ती करायची. छोट्या कढईत थोडं तेल तापवायचं आणि पिठाची एक गोळी त्यात सोडायची. घरभर तळणीचा वास! खोकं वाजलं की ती जोरात खोकायची, कारण ते काम झालं की टिंग करून घंटा वाजवायचं, आणि मकरूद वाढण्याआधी गरम करताना नेमके सी जिलानी घरात असायचे. एकंदर बंदोबस्त चोख आहे अशी तिची पक्की समजूत होती.

पहिल्या दिवशीचे मकरूद असे झाले की उंबऱ्याला खिळा ठोकता आला असता. सी जिलानींनी एक तोंडात धरला, थोडा वेळ विचार केला आणि कॉफीत बुडवून मऊ होईपर्यंत बसून राहिले. मोंजिया श्वास रोखून बघत होती. ते नावं ठेवतील, उठून लमीनकडे जातील, असं तिला वाटलं. पण ते भलतंच बोलायला लागले.

"आमच्या दुकानात पूर्वी फरहात नावाचा एक कारागीर होता. सांगितलं होतं का मी तुला?"

"नाही."

"महामूर्ख. रव्यात तेल चोळायचा, पाणी घालायचा आणि भाकरीच्या कणकेसारखा मळत बसायचा. मी म्हणायचो, अरे गाढवा, रवा मळायचा नसतो! नुसता गोळा करायचा, झाकायचा आणि दोन तास त्याच्याकडे बघायचं नाही. ऐकेल तर शपथ. त्याचे मकरूद दगड व्हायचे, दगड."

म्हाताऱ्याला दुकान आठवतंय, मोंजियाच्या मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी रवा भिजवताना तिचे हात आपोआप थांबले. तिनं तो नुसता गोळा केला, झाकला आणि दोन तास त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मकरूद चावता येण्याजोगे झाले. नशीबच म्हणायचं, तिला वाटलं, नेमकी तीच गोष्ट निघाली बोलण्यात.

मग तिनं खरी चूक केली, जी मकरूदवाल्याची बायकोच करू शकते. अडतीस वर्षं तिनं दुकानाच्या काउंटरपलीकडून नवऱ्याला बघितलं होतं, कढईतून झाऱ्यानं काढायचे आणि चर्रकन मधात सोडायचे. तेवढं एक तिला झोपेतसुद्धा येत होतं. म्हणून तिनं पाक पातळ केला, त्यात संत्र्याच्या फुलांचं सुवासिक पाणी घातलं आणि खोक्यातून काढलेले चोवीसच्या चोवीस गरम मकरूद पाकात सोडले. तळलेल्या मकरूदला तेलाचं चिलखत असतं, तो मध बेतानं पितो. हे बिचारे कोरडे. त्यांनी सगळा पाक पिऊन टाकला, फुगले आणि फुटले. रांजणातलं पाणी आणायला मोंजिया वळली आणि परत बघते तर पातेल्यात लापशी.

वसीला तेवढ्यात अजमोदा मागायला आली. तिनं पातेल्यात पाहिलं. "अगं बाई, कुणी बाळंत झालंय का घरात?"

"गप्प बस आणि चमचा घे. उपास सुटल्यावर खायचंय हे."

"आणि सी जिलानी?"

"तेही खातील. चमच्यानं."

वसीला हसून हसून दाराला टेकली. तिला सगळं सांगणं भाग पडलं, पण तिच्याकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलं. सी जिलानींनी खरंच ती लापशी चमच्यानं खाल्ली, वाटी पुसून घेतली, आणि पाय लांब करून म्हणाले, "फरहातची अजून एक गंमत. त्याला मधाचं फार वेड. मधात सोडायचा आणि तिथंच विसरायचा. शेवटी मी त्याच्या हातातला झारा काढून घेतला आणि ब्रश दिला. म्हटलं, बाबा, तीनदा ब्रश फिरव, थांब, ओढून घेऊ दे, मग आणखी एकदा. बस. मकरूद मधानं रंगवायचा, आंघोळ नाही घालायची."

दुसऱ्या दिवशी मोंजियानं लमीनच्या मुलाच्या रंगपेटीतला नवा ब्रश मागून आणला.

असं रोज चाललं. खजूर कोरडा निघाला, त्या संध्याकाळी फरहातला खजूर कुसकुसच्या पातेल्याच्या वाफेवर धरायला शिकवावं लागलं होतं असं निघालं. एके दिवशी मकरूद एका बाजूनं पांढरे राहिले. त्या संध्याकाळी कळलं की फरहात मकरूद ईदच्या बसमधल्या लोकांसारखे कोंबायचा, बोटभर जागा सोडायचा नाही, मग सगळीकडून आच लागणार कशी? दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, सगळं त्या फरहातनं आधी चुकवून ठेवलं होतं. इतका बावळट कारागीर या माणसानं ठेवला तरी कशाला, असं मोंजियाला वाटायचं. पण त्याची आठवण निघाली की नवऱ्याचे डोळे चमकायचे, म्हणून ती विचारायची, "मग पुढे काय केलं त्या फरहातनं?"

रमजानच्या विसाव्या दिवसापर्यंत मकरूद जमले. बाहेरून सोनेरी, आतला खजूर मऊ, हलके. वसीलानं एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "जिलानींच्या हातची सर नाही. पण खाऊन बोटं चाटावी लागत नाहीत आणि छातीत जळजळत नाही. चार दे आणखी."

"चार तुला. त्यांना दोनच."

आणि सी जिलानी लमीनच्या दुकानाकडे फिरकेनासे झाले. मोंजियानं खात्री करून घेतली, लमीनला दोनदा विचारून. एका संध्याकाळी ते ईदचा चंद्र कुठून दिसेल ते बघायला गच्चीवर गेले आणि वर पोचेपर्यंत एकाही पायरीवर बसले नाहीत. ती खाली उभी राहून पायऱ्या मोजत होती. अठरा. त्या क्षणी तिला वाटलं, होईल बरं. मग लगेच तिनं जीभ चावली, कारण असं वाटून घेतलं की दृष्ट लागते.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईकडे जायचं होतं. मोंजिया बाहेर जायची चादर अंगावर घेऊन तयार. सी जिलानी म्हणाले, "तू नको. लमीनबरोबर जातो."

"का म्हणून?"

"ईद तोंडावर आली. तुला कामं आहेत."

लमीन त्यांना दवाखान्याच्या दारात सोडून दुकानावर परतला. ते दोन तासांनी एकटे आले, हातपाय धुतले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाई नव्हत्या. ईदनंतर बोलावलंय."

मोंजियानं विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवला. मग वसीला आली, आपल्या गुडघ्याचं रडगाणं घेऊन. "काल डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तुझे हे भेटले की तिथं. म्हणजे भेटले कसले, आतून आले, हातात कागद, आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. किती वेळ! मी हाक मारली, सी जिलानी, सी जिलानी, तर ऐकलंच नाही त्यांनी. डोळे पुसत होते गं."

मोंजियाच्या हातातला ठसा रव्यावर तसाच राहिला. डॉक्टरीणबाई होत्या. कागद होता. डोळे पुसत होते. म्हणजे तारीख ठरली. म्हणजे तय्यबसारखंच, आपल्या पायांनी चालत. आणि ईदवर विरजण नको म्हणून हा माणूस एकटाच ते गिळून बसलाय. तिच्या मनात आलं, ओरडावं, त्यांचे खिसे उलटे करावेत, वसीलाच्या गळ्यात पडून रडावं. आयुष्यभर तिनं हेच केलं असतं. पण ज्या माणसानं आपल्या ईदसाठी तोंड बंद ठेवलंय त्याची ईद आपण मोडायची नाही, असं तिनं ठरवलं.

"असेल काहीतरी," ती वसीलाला म्हणाली. "ये, ट्रे धर." आणि तिनं ईदचे मकरूद केले. रवा मळला नाही, नुसता गोळा केला. बोटभर जागा सोडली. तीनदा ब्रश फिरवला, थांबली, आणखी एकदा फिरवला.

ईदच्या सकाळी आमच्याकडे मिठाचा हक्क असतो. महिनाभर उपाशीपोटी, जिभेच्या टोकावर मीठ पारखत बायको सगळ्यांसाठी रांधते. ईदची नमाज पढून नवरा घरी आला की ती नवी चादर लेवून, काजळ घालून त्याच्यासमोर कॉफीचा पेला आणि गोड ठेवते. तो कॉफी पितो, पण पेला रिकामा परत करत नाही. पहिल्या वर्षी मोंजियाच्या पेल्यात बारीकशी अंगठी निघाली होती. अहलाम झाली त्या वर्षी कानातलं. एका वाईट वर्षी फक्त जाईच्या चार कळ्या निघाल्या, आणि त्या अजून तिच्या पेटीत आहेत, वाळून काड्या झालेल्या. यंदा दुकानच राहिलं नव्हतं. तिला काही नकोच होतं. तिनं आरशात बघून काजळ घातलं आणि ते ओघळू नये म्हणून दोनदा खोल श्वास घेतला.

सी जिलानी आले. पांढरा जुब्बा, डोक्यावर लाल टोपी, मिशीला अत्तर. तिनं त्यांच्या हातावर ओठ टेकले, त्यांनी तिच्या कपाळावर. तिनं कॉफी ठेवली, बशीत दोन मकरूद ठेवले. त्यांनी एक मकरूद उचलला, उजेडात धरला, उलटा करून खालची बाजू बघितली. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. कॉफी संपवली. पाठ फिरवून पेल्याशी काहीतरी खुडबुड केली आणि पेला तिच्या हातात दिला.

पेल्यात कागद होता, बोटाएवढ्या घड्या घातलेला.

तारीख, मोंजियाला वाटलं. ऑपरेशनची तारीख. कुठला नवरा देतो हो असं, ईदच्या सकाळी? पण हा देईल. याला तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून पेल्यात घालून देईल. "माझा चष्मा नाही," ती म्हणाली.

"डोक्यावर आहे."

तिनं चष्मा खाली ओढला. वर सगळे फ्रेंचमधले आकडे. खाली डॉक्टरीणबाईनं हातानं, अरबीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. काकी, ऑपरेशन नको. चरबी उतरली, चालण्याची चाचणी चांगली झाली. गोळ्या चालू ठेवा आणि तुम्ही जे करून खाऊ घालताय तेही चालू ठेवा. सहा महिन्यांनी या. ईद मुबारक.

मोंजियानं ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. ती होती तिथंच, नव्या चादरीसकट, फरशीवर बसली आणि रडायला लागली. गेल्या दीड महिन्यात जे रडली नव्हती ते सगळं. काजळ गालांवरून उतरलं. जीव हलका होतो म्हणजे काय होतं ते तिला आज कळलं. इतकी वर्षं ती हे शब्द नुसते वापरत आली होती.

"अगं, हे काय," सी जिलानी घाबरून खाली वाकले. "चांगली बातमी आहे."

"मग परवा का नाही सांगितली?" ती उसळली. "दोन दिवस! कालपासून मी मेले इथं! तुम्ही बाकावर रडत होतात म्हणे. वसीलानं पाहिलं. मी म्हटलं, झालं, संपलं."

"पाय चालेनात माझे तिथून. तय्यब आठवला." ते खाली तिच्याशेजारी बसले, गुडघ्यावर हात टेकून. "आणि सांगणार होतो. पण मग मनात आलं, यंदा पेल्यात घालायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"

यावर मोंजियाला आणखी रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल दिला. ती जरा शांत झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "आता एक मागतो. देशील?"

"मागा."

"ते तेल फेकून दे."

"कुठलं तेल?"

"त्या छोट्या कढईतलं! रमजानच्या सातव्या दिवसापासून एकच तेल तापवतेयस तू. अगं, तीन दिवसांत मेलं होतं ते. वास येत होता मला. रोज संध्याकाळी त्या मेलेल्या तेलाचा वास घेऊन मी गप्प बसलो. चाळीस वर्षं मी तिसऱ्या दिवसाचं तेल कढईत ठेवलं नाही, आणि माझ्याच घरात! ऑपरेशन परवडलं असतं."

मोंजियाचा रुमाल तोंडाशीच राहिला. "म्हणजे तुम्हाला..."

"आणि तू खोकलीस की कोठीत घंटा वाजते. डॉक्टरीणबाईंना तेही सांगितलं मी. आधी हसल्या, मग खोकल्याचं औषध देऊ का म्हणाल्या."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी तो दगड चावला तेव्हाच. त्याला कढईचं तेल लागलंच नव्हतं."

"मग मिशी?" ती म्हणाली. आता तिच्या आवाजात जुनी मोंजिया परतली होती. "शब्द दिला होतात तुम्ही. अहलामसमोर."

"मिशीचं नंतर बघू," सी जिलानी घाईनं म्हणाले. "आधी ते खोकं बाहेर आण. पोत्यांमागे वारा कोंडतो त्याला, म्हणून खालची बाजू अजून जरा फिकी राहतेय."

मोंजिया उठायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. खालची बाजू. ब्रश. बोटभर जागा. तिच्या डोळ्यांपुढे दुकान आलं. अडतीस वर्षांत काउंटरपलीकडे तिनं झारा पाहिला होता, चाळण पाहिली होती, मधाची परात पाहिली होती. ब्रश कधी पाहिलाच नव्हता. कढईत उकळत्या तेलाला बोटभर जागेची पडलेली नसते. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो मिशीआड हसू दाबत मकरूदावरून बशीत पडलेले तीळ बोटानं टिपत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो फरहात. तुमचा कारागीर. कुठं असतो हल्ली?"

सी जिलानींनी बोटावरचा शेवटचा तीळ तोंडात टाकला. "समोर उभी आहे," ते म्हणाले. "पण आता बरीच सुधारलीय."